आई-वडील आणि दोन लहान मुलांसोबत फोर्ट कोचीत एकच दिवस मिळतोय, तो कसा घालवावा?

आधी वार बघा. शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद असतो, शनिवारी साबाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारामुळे, त्यांचं प्रार्थनास्थळ, परदेसी सिनेगॉग. म्हणून हे दोन वार टाळाच. एर्नाकुलमहून टॅक्सी करू नका, वॉटर मेट्रोने, म्हणजे शहराच्या बोटसेवेने या. मुलं खूश होतात आणि मोठ्यांनाही गाडीतले हेलकावे सोसावे लागत नाहीत.

सकाळचा वेळ सेंट फ्रान्सिस चर्चला द्या, आणि भरपूर द्या. बहुतेक लोक वास्को द गामाच्या थडग्याचा फोटो काढतात नि निघतात, याचं मला फार वाईट वाटतं. वास्को १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची शिळा तेवढी राहिली. पण खरी गंमत भिंतींवर आहे. जमिनीतल्या जुन्या शिळा काढून तिथे बसवल्या आहेत, पोर्तुगीजांच्या एका बाजूला, डचांच्या समोर. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि कॅथलिक चर्च प्रोटेस्टंट झालं, १७९५ मध्ये इंग्रज आले. तीन सत्तांचा इतिहास आजी-आजोबा नातवंडांना तिथेच उभं राहून सांगू शकतात. वर टांगलेले कापडी पंखेही दाखवा. त्यांच्या दोऱ्या बाहेरून माणसं ओढायची.

ऊन चढलं की रिक्षाने मट्टनचेरी. राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, राजाला भेट म्हणून. डचांनी नंतर डागडुजी केली. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, तुमच्या आई-वडिलांचा पाय तिथून निघणार नाही. सिनेगॉग अगदी जवळ, १५६८ चं. तिथे नजर खाली ठेवा: जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या आहेत.

संध्याकाळी चिनी जाळी बघायला परत किनाऱ्यावर या. कोकणात विहिरीवर पाणी काढायची लाट असते, तेच तंत्र. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे, आणि चार-पाच जण मिळून ते ओढतात. मुलं इथे सगळ्यात जास्त रमतील.

चेराईचा समुद्रकिनारा त्याच दिवशी उरकायचा मोह सोडा. वयस्कर माणसं सोबत असताना एवढंच पुरेसं होतं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.