कॉलनीतला कडुनिंब किती कार्बन साठवतो?

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या बागेत चाळीसेक झाडं आहेत. ‘एक झाड वर्षाला इतके किलो कार्बन शोषतं’ असे नाना आकडे मोबाइलवर फिरतात. आपल्या झाडांचा हिशेब आपल्यालाच करता येईल का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : येईल. शिंप्याची टेप, एक काठी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर भागतं. सगळ्या झाडांना एकच आकडा लावणारे निरोप मात्र सरळ पुसून टाका.

जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर मोजा आणि ३.१४ ने भागा, व्यास मिळतो. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही फाटे वेगळे मोजा. गाठ आली तर तिच्या जरा वर मोजा. उंचीसाठी उन्हात मीटरभर काठी सरळ उभी धरा. काठीची सावली ०.८ मीटर आणि झाडाची ९.६ मीटर भरली, तर झाड १२ मीटरचं. तिसरी गोष्ट लाकडाची घनता, कडुनिंबाला ०.७ धरायला हरकत नाही, सागाला ०.५५ ते ०.६.

आता सूत्र. घनता × व्यास (सेंमी) × व्यास × उंची (मीटर) असा गुणाकार करा, त्याचा ०.९७६ वा घात घ्या आणि ०.०६७३ ने गुणा. बहुतेक मोबाइल आडवे धरले की घाताचं बटण दिसतं. उष्ण कटिबंधातली ४००४ झाडं प्रत्यक्ष तोडून, मोजून बसवलेलं हे सूत्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ९४ सेंमी घेराचा (व्यास ३० सेंमी) आणि १२ मीटर उंचीचा कडुनिंब घेतला, तर जमिनीवरचं सुकं वजन सुमारे ४१० किलो येतं. मुळांसाठी त्यात चौथा हिस्सा मिळवा : ५१३. त्यातला ४७ टक्के कार्बन, म्हणजे २४१ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर ३.६७ ने गुणा : सुमारे ८८५ किलो.

हा झाला आयुष्यभराचा साठा. वर्षाची कमाई म्हणजे दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक, आणि लोक इथेच घोटाळा करतात. हाच कडुनिंब वर्षात ३० चा ३१ सेंमी झाला तर साधारण ५८ किलो कार्बन डायऑक्साइडची भर पडते. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाची कमाई पंचवीस लिटर पेट्रोलाएवढी. शिवाय टेप सैल धरल्यानं घेर एकच सेंमी चुकला, तर १८ किलो इकडचे तिकडे होतात. म्हणून मोजायच्या जागी रंगाचा पट्टा ओढून ठेवा आणि दरवर्षी त्याच महिन्यात मोजा. पावसाळ्यात साल आणि खोड पाण्यानं फुगतं, मे महिन्यात आक्रसतं.

तारांखाली छाटलेल्या किंवा पोकळ खोडाच्या झाडांना हे सूत्र जास्तीचा आकडा देतं. पारंब्यांच्या वडाला आणि ताडामाडांना ते लावूच नका.

प्रश्न : महूजवळ दोन एकर शेत आहे. बोरिंग मार्चमध्येच आटतं. चहूबाजूंनी दाट झाडी केली तर पाणी वाढेल, असं सगळे सांगतात. खरं आहे का? (महू)

उत्तर : अर्धं खरं. आपल्याकडे वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोन एकरांवर त्याचे सुमारे ७७ लाख लिटर होतात. त्यातलं काही पानांवरूनच उडून जातं, काही वाहून जातं, आणि जे मुरतं त्यातलंही बरंच मुळं ओढून पानांतून हवेत सोडतात. झाड कार्बन आत घेतं ते पानांच्या ज्या छिद्रांतून, त्यांतूनच पाणी बाहेर जातं. एक घेताना दुसरं द्यावंच लागतं. झाड जितकं झपाट्यानं वाढणारं, तितका पाण्याचा खर्च मोठा. निलगिरी पर्वतात ग्लेनमॉर्गनला गवताळ-शोला (शोला म्हणजे तिथल्या डोंगरदऱ्यांतलं सदाहरित रान) पाणलोटात निलगिरीची लागवड केली, तेव्हा तिथून मिळणारं पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं होतं.

पण उघडी, गुरांनी तुडवलेली जमीनही पाणी मुरू देत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यासारख्या कोरड्या, मोसमी पावसाच्या मुलखासाठी महत्त्वाचा आहे : झाडं अगदी नसली तरी भूजल कमी भरतं, फार दाट असली तरी कमी, विरळ ते मध्यम झाडीत सर्वांत जास्त. तेव्हा बांधावर आठ-दहा मीटरवर एकेक झाड लावा. बोरिंगभोवती निलगिरी किंवा सुबाभूळ अजिबात नको.

काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्या. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिला पाऊस त्यांतून थेट खाली जातो; नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी वर राहतं. पाणी खाली पोचवायचं तर उताराला आडवे चर मुरुमापर्यंत खणावे लागतात. रोपाचा खड्डा जुलैत नुसत्या काळ्या मातीनं भरला की त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. खणून निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा मुरूम मिसळा आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवा.

प्रश्न : हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणजे झाडांना खुराकच मिळाला ना? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : पाणी असेल तोवर. कारखानदारीच्या आधी हवेत दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. त्यामुळे पानांना छिद्रं कमी उघडून काम भागवता येतं, हे खरं. पण तापमान ४० वरून ४२ अंशांवर गेलं आणि आर्द्रता तेवढीच, समजा २० टक्के, राहिली, तर हवेची पाणी ओढण्याची ताकद ११ टक्क्यांनी वाढते. जमिनीत ओल नसेल तर खोडातल्या नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात, पाण्याची धार तुटते आणि फांदी शेंड्याकडून वाळत येते. साग पानं गाळून हा काळ टाळतो. शहरातल्या सदाहरित झाडांना ती सोय नाही, त्यामुळे मे महिन्यात टँकरचं पाणी द्यायचंच असेल तर आधी त्यांना द्या. खोडाशी न ओतता ते पानांच्या घेराखाली पसरून सोडा.

प्रश्न : चोरलच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये पानगळ जाळलेली दिसते. नाहीतरी ती कुजणारच, मग जाळली तर काय बिघडलं? (पलासिया, इंदूर)

उत्तर : कुजताना बहुतेक कार्बन हवेत परत जातो, पण सावकाश, आणि थोडा मातीत राहतो. जाळला की काही मिनिटांत जातो. त्याहून मोठं नुकसान पाण्याचं. पाचोळा नसलेल्या उघड्या मातीवर जूनच्या सरी आपटतात, वरचा थर घट्ट बसतो आणि पाणी मातीसकट ओढ्यात जातं. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावतात, ती पसरते. त्याऐवजी झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरली तर फुलंही स्वच्छ मिळतात.