गाणं शिकायला मराठवाड्यात: आधी गुरू, मग अर्ज

प्रश्न: आम्ही मूळचे परभणीचे, आता डॅलसला असतो. लेक इथेच जन्मली, यंदा बारावीत आहे. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (गांधर्वच्या) मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा झाल्या आहेत. तिला भारतात येऊन संगीतातच पदवी घ्यायची आहे. आजी-आजोबा परभणीत असल्यामुळे नांदेड किंवा संभाजीनगर सोयीचं वाटतं. या डिसेंबरात आम्ही तिकडे येतोय. नातेवाईक मात्र म्हणतात, अमेरिका सोडून मराठवाड्यातल्या सरकारी विद्यापीठात गाणं शिकायला कशाला? काय करावं?

उत्तर: ताई, नातेवाइकांचं आधी बोलते, कारण तो सूर मला मनापासून खटकतो. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादेत, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही त्या ग्रंथाकडे वळतात. तुमची लेक जे शास्त्र शिकणार आहे, त्यातला मोठा भाग याच मातीत लिहिला गेला. अलीकडचं बघा. आपेगावचे शंकरबापू पखवाजात पद्मश्रीपर्यंत पोहोचले. गायक पं. नाथराव नेरळकर नांदेडचे. संभाजीनगरला सरस्वती भुवन महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थी घडवले. तेव्हा ‘मराठवाड्यात कशाला’ हा प्रश्न बाजूला ठेवा.

खरा प्रश्न वेगळा आहे: ती शिकणार कोणाकडे? विद्यापीठ पदवी देतं, शास्त्राचा पाया देतं, बरोबरीची मुलं देतं. पण वर्गात वीस गळे असले की प्रत्येकाच्या षड्जाकडे, म्हणजे ‘सा’कडे, लक्ष देणं चांगल्या शिक्षकालाही जमत नाही. त्यात कोणी कीर्तनकाराच्या घरचा असतो, त्याचा आवाज भजनी सप्ताहांत तापलेला असतो, तर कोणी नुकताच सरगम शिकू लागलेला असतो. शिक्षकाला दोघांना घेऊन चालावं लागतं. म्हणून पदवी विद्यापीठाची आणि तालीम गुरूची, अशी दोन्हींची सांगड घाला. विभागातलेच एखादे शिक्षक तालीम देणार असतील तर उत्तमच. मात्र हे प्रवेशाच्या आधी ठरवा, नंतर नाही.

या डिसेंबरात येताय ना? मग आठ-दहा दिवस त्यासाठीच राखून ठेवा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. परभणी याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं आणि रेल्वेने नांदेड जवळ पडतं. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८चं, त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतही संगीत विषय शिकता येतो. दोन्हीकडे जा, विभागप्रमुखांना आधी कळवा, वर्गात बसू देतील का ते विचारा. प्रॉस्पेक्टसवर भरवसा ठेवू नका. किती शिक्षक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर, हे स्पष्ट विचारा. तंबोरे जुळलेले आहेत का, विद्यार्थ्यांना साथीला तबला मिळतो का, वर्षातून किती वेळा मंचावर गायला मिळतं, हेही विचारा. लेकीला एकटीला तिथल्या मुलींशी बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. त्या जे सांगतील ते कोणत्याही कार्यालयात कळणार नाही.

आता भाषेचं. घरी मराठी बोलणारी मुलंही देवनागरी वाचताना अडखळतात. पदवीला प्रात्यक्षिकाबरोबर लेखी पेपर असतात: रागांचं वर्णन, थाट, तालांची लिपी, पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही स्वरलेखन पद्धती, घराण्यांचा इतिहास. वर्गात ते बहुतेक मराठीतूनच बोललं जातं. इंग्रजीत उत्तरं लिहायची परवानगी मिळते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. मिळाली तरी मराठी लिहिण्याचा सराव आजच सुरू करा. रोज एक पान, तिच्याच रागांविषयी: आज भूप, उद्या यमन. सहा महिन्यांत हात बसतो.

गांधर्वच्या परीक्षांचाही गोंधळ होऊ देऊ नका. विशारद, अलंकार या त्यांच्या वरच्या परीक्षांना संगीतक्षेत्रात मान आहे, पण त्या विद्यापीठाच्या पदवीच्या जागी चालतीलच असं नाही. पुढे तिला महाविद्यालयात शिकवायचं असेल तर साधारणपणे एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. अमेरिकेत परतून मास्टर्स करायचं असेल तर चार वर्षांचा ऑनर्स पर्याय आहे का ते बघा. तिथली काही विद्यापीठं तीन वर्षांच्या पदवीवर अडवतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर विद्यार्थी व्हिसा लागत नाही, नसेल तर लागतो. परदेशी नागरिक म्हणून फी वेगळी पडू शकते. तिच्या हायस्कूलच्या गुणपत्रिकांना टेक्सासमधूनच अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून आणा. तिचं शिक्षण इथल्या बारावीच्या बरोबरीचं आहे असं समकक्षता प्रमाणपत्र लागेल, ते कोणाकडचं चालेल हे प्रवेश कक्षाला आधी विचारा, कारण यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५मध्ये याचे नियम बदलले आहेत. आणि नाव! आपल्याकडे अर्जात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच सगळीकडे लिहा, नाहीतर पदवी हातात आल्यावर दुरुस्तीसाठी वर्षभर चकरा होतात.

राहण्याविषयी माझं मत ठाम आहे: पहिलं वर्ष तरी वसतिगृहात. आजी-आजोबांकडून रोज नांदेडला ये-जा करायची म्हटलं तर रियाजाचा वेळ गाडीतच जाईल. शिवाय संध्याकाळी विभागात जे चालतं, साथीचा सराव, एकमेकांचं ऐकणं, ते तिला मिळणार नाही. शनिवार-रविवार परभणीला जाऊ दे, आजीच्या हातचं खाऊ दे. उन्हाळ्याचा विचारही आत्ताच करा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. डॅलसचा उन्हाळा तिच्या ओळखीचा आहे, पण तिथे एसी असतो. वसतिगृहाच्या खोल्या, पाण्याची सोय आणि पहाटे खर्ज लावायला, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करायला, जागा आहे का, हे डिसेंबरातच बघून घ्या. पहाटेच्या रियाजाला परवानगी देणारी वॉर्डन मिळाली तर ते वसतिगृह सोडू नका.