दहा वर्षांच्या पोराला किती कळतं?

प्रश्न : १९८२च्या गिरणी संपावर कथा लिहिली आहे, सोबत पाठवतो. लालबागची चाळ, निवेदक दहा वर्षांचा मुलगा. सुरुवातीला दीड पान चाळीचं वर्णन आहे. मित्रांना वाचून दाखवली तर म्हणाले, ‘माहिती छान आहे.’ कथेबद्दल कोणी बोलेना. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्र नेमकं बोलले. तुमचा पोरगा पहिल्याच परिच्छेदात सांगतो, की १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. हे वर्तमानपत्र बोलतंय. पोराला कळतं ते इतकंच, की रातपाळीचा बाप आता रात्री घरात झोपतो, म्हणून याचं अंथरूण गॅलरीत गेलं. एवढं लिहिलंत की खोली किती लहान, हे वेगळं सांगायला नको.

‘बनगरवाडी’त व्यंकटेश माडगूळकरांनी निवेदक घेतला तो गावात नव्याने आलेला मास्तर. त्यामुळे त्याने वाडी न्याहाळली तर आपल्याला खटकत नाही. तुमचा पोरगा चाळीत जन्मलेला. त्याला जिना, सामाईक नळ, संडासापुढची रांग दिसतच नाहीत. बदललेलं तेवढं दिसतं. तेव्हा ते दीड पान काढाच. (जीव तुटेल, ठाऊक आहे.) म्हातारपणी मागे वळून पाहणारा निवेदक केलात तर तारखाही चालतील, पण मग आवाज पहिल्या ओळीपासून म्हाताऱ्याचा हवा.

आईला तुम्ही ‘सोशिक, खंबीर, प्रेमळ’ म्हटलंय. कशाला? पुढे तुम्हीच फार सुरेख लिहून गेलात : वाण्याकडे उधारीची वही निघते तेव्हा आई पदर गळ्याशी घट्ट धरते, आणि पोराला काळी पोत तेवढी दिसते, वाट्या दिसत नाहीत. तिथेच थांबायचं होतं. पण लगेच ‘आईने वाट्या गहाण टाकल्या होत्या’ हे वाक्य आलं. पोराला न कळलेलं वाचकाला कळू द्या, तीच तर दहा वर्षांचा निवेदक घेण्यातली गंमत.

राहता राहिला मामा. तिसऱ्या पानावर कोकणातून येतो, चहा पितो आणि गायब होतो. चाळ दाखवायचीच असेल तर हा माणूस कामाचा आहे. त्याला जिना नवा आहे, तो रांगेत अवघडेल, नको ते विचारेल, पोरगा त्याच्यापाठोपाठ हिंडेल. तेवढं काम देणार नसाल तर त्याला रात्रीच्या एसटीत बसवून परत पाठवा.