बेस लाग्वार्डियाला, संसार रॅलेमध्ये

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देतो. तुमचा एकोणतीस वर्षांचा मुलगा नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे उड्डाण-प्रशिक्षक आहे आणि त्याचे उड्डाणाचे १,५०० तास नुकतेच पूर्ण झाले आहेत. सूनबाई तेथील रुग्णालयात परिचारिका असून त्यांना ती नोकरी सोडायची नाही. नात अकरा महिन्यांची आहे. एका रिजनल, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी उड्डाणे करणाऱ्या छोट्या विमान कंपनीने मुलाला सहवैमानिक म्हणून घेण्याचे कळवले आहे, मात्र बेस, म्हणजे कामाला हजर होण्याचे ठिकाण, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर आहे. दुसऱ्या कंपनीचा बेस शार्लटला, म्हणजे घरापासून गाडीने पावणेतीन तासांच्या आसपास आहे. पण तिने केवळ सशर्त पत्र दिले आहे, प्रशिक्षणाची तारीख दिलेली नाही. पहिली नोकरी घ्यावी की दुसरीची वाट पाहावी, हा तुमचा एक प्रश्न. तुम्ही दोघे न्यू जर्सीत एडिसनला राहता, तेव्हा कामाच्या दिवसांत मुलगा तुमच्याकडे राहिला तर सगळेच सुटत नाही का, हा दुसरा. न्यूयॉर्कमध्ये काम केल्याने तेथील राज्याचाही आयकर लागेल का, अशी चिंताही तुम्ही व्यक्त केली आहे.

माझे मत असे की नोकरी घ्यावी. पण ‘रॅलेला राहून न्यूयॉर्कला ये-जा’ असा पहिल्या वर्षाचा हिशेब मांडू नये. तो न्यूयॉर्कला राहील आणि सुट्टीला घरी येईल, असा मांडावा; आणि त्या हिशेबाला सूनबाईंचा मनापासून होकार असेल तरच कंपनीला होकार कळवावा. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात ‘रोज इतक्या लांब विमानाने जाणे’ असा उल्लेख आहे आणि प्रत्यक्षात ते तसे नसते.

वैमानिक रोज घरी परतत नाही. त्याची कामगिरी तीन-चार दिवसांची असते. ती बेसवर सुरू होते, बेसवरच संपते, आणि मधल्या रात्री कंपनीने दिलेल्या हॉटेलात जातात. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास मात्र सर्वस्वी त्याचा स्वतःचा असतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, ते कामाचे तास धरले जात नाहीत, आणि तो होतो सुट्टीच्या वेळात. समजा, महिन्यात चार दिवसांच्या चार कामगिऱ्या आहेत, म्हणजे कामाचे दिवस सोळा. प्रत्येक कामगिरी सकाळी सातला सुरू होऊन शेवटच्या दिवशी रात्री दहाला संपत असेल, तर रॅलेहून आदल्या दिवशीच निघावे लागेल आणि परतायला दुसरा दिवस उजाडेल. सोळाचे चोवीस होतील आणि घरात घालवलेले पूर्ण दिवस उरतील सहा. तीच कामगिरी दुपारी एकला सुरू होऊन शेवटच्या दिवशी चारच्या सुमारास संपली, तर हे आठही दिवस वाचतील. नोकरी तीच, पगार तोच, आणि घरच्या दिवसांत दुपटीहून अधिक फरक. म्हणून मी अंतराकडे फारसे पाहत नाही. कामगिरी कोणत्या वेळी सुरू होते आणि ती निवडण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पाहतो.

तो अधिकार ज्येष्ठतेने मिळतो. कंपनीत रुजू होण्याच्या क्रमाने प्रत्येक वैमानिकाला क्रमांक मिळतो आणि बेस, विमान, महिन्याचे वेळापत्रक, सुट्ट्या, कॅप्टनपदाची पाळी हे सर्व त्याच क्रमाने वाटले जाते. नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा ठरलेले वेळापत्रक येतच नाही. तो ‘रिझर्व्ह’वर असतो, म्हणजे बोलावणे येण्याची वाट पाहत उपलब्ध राहतो. रिझर्व्हचे मुख्य प्रकार दोन. ‘लाँग कॉल’मध्ये कामावर येण्यापूर्वी किमान दहा तासांची विश्रांती मिळेल इतकी आधी सूचना द्यावी लागते, रॅलेला बसून ते एखाद वेळी जमू शकते. ‘शॉर्ट कॉल’मध्ये मात्र फोन आल्यापासून साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हावे लागते आणि उपलब्ध राहण्याची ही मुदत दिवसाला चौदा तासांपर्यंत असू शकते. रॅलेहून ते शक्य नाही. फोन वाजो वा न वाजो, ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काढावे लागतात. घरापासून लांब बेस असलेल्या नव्या वैमानिकाला या नोकरीतला सर्वांत मोठा ताण येथेच जाणवतो: काम नाही, तरी घरी जाता येत नाही.

आता तुमच्या घराविषयी. तुमचा प्रस्ताव प्रेमाचा आहे आणि बऱ्याच अंशी उपयोगाचाही. परंतु एडिसन ते लाग्वार्डिया हा रस्ता न्यूयॉर्क शहर ओलांडून जातो. रात्री तासाभराचा वाटणारा हा प्रवास सकाळच्या गर्दीत दोन तासांवर जाऊ शकतो, आणि लाग्वार्डियापर्यंत रेल्वे जात नसल्याने एडिसनहून रेल्वेने न्यूयॉर्कचे पेन स्टेशन, तेथून भुयारी रेल्वे आणि मग बस अशी साखळी करावी लागते. म्हणून शॉर्ट कॉलच्या दिवसांत त्याने लाग्वार्डिया ज्या भागात आहे त्या क्वीन्समध्येच राहावे असे मी सुचवेन. तेथील क्यू गार्डन्स भागात विमान कर्मचारी मिळून भाड्याने घेतात अशी घरे पूर्वापार आहेत; त्यांना ‘क्रॅशपॅड’ म्हणतात. एक खाट, सामाईक स्वयंपाकघर, आणि येता-जाता पाळी वेगळी असणारे सोबती. लाँग कॉलचे दिवस, कामगिरीच्या आदली रात्र आणि रात्री उशिरा परतल्यावरची झोप यांसाठी तुमचे घर उत्तम. त्याचा बेस तुमच्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर असता तर मी क्रॅशपॅडचा विषयही काढला नसता.

एक नाजूक गोष्टही लिहितो, राग मानू नये. मुलगा महिन्यातले कित्येक दिवस आपल्या घरी असेल, हा आनंद तुमच्या पत्राच्या ओळीओळींतून दिसतो. त्याच दिवसांत सूनबाई बारा-बारा तासांच्या पाळ्या करून अकरा महिन्यांच्या बाळासह एकट्या असतील. तुम्हांला जे मिळणार आहे, ते त्यांच्या वाट्यातून येणार आहे. म्हणून तुमच्यापैकी एकाने किंवा दोघांनी पहिल्या वर्षात रॅलेला जाऊन राहणे, निदान त्यांच्या रात्रपाळ्यांच्या आठवड्यांत, हे एडिसनची खोली रिकामी ठेवण्यापेक्षा या नोकरीला अधिक मोठे साहाय्य ठरेल.

या विषयात मला सर्वांत जास्त काळजी झोपेची वाटते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफलोला निघालेले कोल्गन एअर या रिजनल कंपनीचे विमान रात्री सव्वादहाच्या सुमारास क्लॅरेन्स सेंटर येथे एका घरावर कोसळले; विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक असे ५० जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिक आपल्या बेसपासून फार दूर राहत होते. कॅप्टन फ्लोरिडाहून येत असे. सहवैमानिक सिअ‍ॅटलहून मेम्फिसमार्गे रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी सकाळी नेवार्कला पोहोचली होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने थकव्याचा त्यांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता नोंदवली, मात्र अपघातात त्याचा वाटा नेमका किती, हे ठरवता येत नाही असेही म्हटले. नव्या सहवैमानिकासाठी १,५०० तासांचा जो नियम तुमच्या मुलाने पाळला, तो याच दुर्घटनेनंतर झालेल्या २०१० च्या कायद्यातून आला. विश्रांतीचे नवे नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले: कामावर येण्यापूर्वी दहा तासांची विश्रांती, तीत आठ तास अखंड झोपेची संधी, आणि प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी कामासाठी सक्षम आहे’ असे वैमानिकाने स्वतः नमूद करणे. परंतु त्या दहा तासांत त्याने झोप घेतली की रॅलेहून प्रवास केला, हे नियम पाहत नाही. ते त्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

लांबून ये-जा करणाऱ्या वैमानिकांच्या थकव्याचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०११ मध्ये एक साधी शिफारस केली. कामावर रुजू होण्यापूर्वी किमान सहा तासांची झोप व्हावी, आणि ठरलेले काम संपेपर्यंत जागेपणाचे एकूण तास सोळाच्या वर जाऊ नयेत, असे नियोजन वैमानिकाने करावे. ही शिफारस मुलाच्या दिवसाला लावून पाहा. दुपारी बाराची हजेरी असल्याने सकाळचे सहाचे विमान पकडले, म्हणजे चारला उठणे आले. काम रात्री साडेदहाला संपले तर जागेपणाचे साडेअठरा तास झाले, आणि शेवटचे उतरणे अंधारात, कदाचित पावसात. कागदावर हा दिवस नियमात बसतो. तरी मी त्याला सांगेन की असा दिवस कधीही आखू नये. आदल्या संध्याकाळी निघावे. याने घरची आणखी एक रात्र जाते, हे मला ठाऊक आहे. ती रात्र हिशेबात आधीच घालवलेली धरावी, म्हणजे ऐन वेळी ती वाचवण्याचा मोह होत नाही.

आदल्या दिवशी निघण्याचे दुसरे कारण असे की विमानात जागा मिळेलच याची खात्री नसते. रॅलेहून न्यूयॉर्कच्या तिन्ही विमानतळांना दिवसभर उड्डाणे आहेत आणि मध्ये विमान बदलावे लागत नाही. लांबच्या बेसचा विचार करता हे मोठे भाग्य आहे. पण कर्मचारी म्हणून फुकट प्रवास करताना रिकामी जागा असेल तरच बसायला मिळते, नाहीतर कॉकपिटमधली जंपसीट, म्हणजे वैमानिकांमागची जादा खुर्ची, तीही कॅप्टनच्या परवानगीने. तीवर पहिला हक्क बहुधा त्या कंपनीच्या वैमानिकांचा. रविवारची संध्याकाळ, सणाचे दिवस, उन्हाळ्यातील दुपारची गडगडाटी वादळे यांत न्यूयॉर्कची वाहतूक पार विस्कटते. म्हणूनच कंपन्यांनी वैमानिकांशी केलेल्या अनेक करारांत अशी तरतूद असते की वेळेत पोहोचवू शकतील अशा दोन उड्डाणांचा प्रयत्न केल्याचे दाखवता आले, तर गैरहजेरीबद्दल शिस्तभंग होत नाही. मुलाच्या कंपनीच्या करारात ती आहे का, वर्षात किती वेळा वापरता येते, आणि त्या दिवसाचा पगार जातो का, हे त्याने कलमच वाचून पाहावे; भरती करणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये.

मग शार्लटची वाट का पाहू नये? एक तर शार्लट जवळ भासते तेवढे जवळ नाही. तेथला शॉर्ट कॉलही रॅलेला बसून करता येणार नाही. खोली तेथेही लागेल. गाडी मात्र आपल्या हातात असते, रिकाम्या जागेची वाट पाहावी लागत नाही, आणि रात्री अकराला काम संपले तरी त्याच रात्री घर गाठता येते, अर्थात जागरण करून गाडी चालवण्याचा धोका पत्करून. दुसरे कारण माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. कॅप्टन होण्यासाठी विमान कंपनीच्या सेवेतले १,००० तास लागतात आणि ते मोजणे रुजू झाल्यावरच सुरू होते. ज्येष्ठतेचा क्रमांकही त्याच दिवशी मिळतो. तारीख नसलेल्या पत्राची वाट पाहणाऱ्याचे महिने निव्वळ जातात. शिवाय रिजनल कंपन्या मोठ्या कंपन्यांशी केलेल्या करारांवर उडतात आणि करार गेला की बेसही जातो. २०२० मध्ये कंपास आणि ट्रान्स स्टेट्स या दोन कंपन्या पूर्णच बंद पडल्या. आज जवळ असलेला बेस पाच वर्षांनी जवळ असेलच, असे गृहीत धरून वर्ष घालवावे असे मला वाटत नाही.

तरी नंतर शार्लटचे बोलावणे आले तर काय, हे आताच ठरवून ठेवावे. एका कंपनीतील ज्येष्ठता दुसरीत नेता येत नाही. तेथे पुन्हा शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात. प्रशिक्षणाचा खर्च किंवा रुजू होतानाचा बोनस ठरावीक मुदतीआधी सोडल्यास परत करावा लागतो का, हे पाहावे. असे बंधन दोन वर्षांचे असेल, तर ‘तूर्त न्यूयॉर्क, सहा महिन्यांनी शार्लट’ ही योजना महाग पडेल आणि ती मनातून काढून टाकलेली बरी. पगाराचा विचार करताना दरमहा हमी असलेले तास गुणिले ताशी दर एवढाच आकडा धरावा आणि त्यातून क्रॅशपॅडचे भाडे व बाहेरचे जेवण वजा करावे. बेसच्या शहरातला हा खर्च आयकरात वजा होत नाही. राज्याच्या आयकराची चिंता मात्र तुम्ही उगाच केली आहे. संघराज्याच्या कायद्यानुसार वैमानिकावर कर आकारण्याचा अधिकार त्याच्या निवासाच्या राज्याला असतो. दुसऱ्या राज्याला तो तेव्हाच मिळतो, जेव्हा त्याची निम्म्याहून अधिक कमाई तेथील असते.

होकार देण्याआधी त्याने लाग्वार्डिया बेसवरच्या, गेल्या वर्षभरात रुजू झालेल्या दोन-तीन सहवैमानिकांशी बोलावे. रिझर्व्हवर किती महिने गेले, त्यांतले लाँग कॉल किती, आणि मागच्या महिन्यात स्वतःच्या अंथरुणात किती रात्री झोपलात, एवढेच विचारावे. ती उत्तरे आणि सूनबाईंच्या पुढच्या दोन महिन्यांच्या पाळ्या एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून दोघांनी बसावे. तुम्ही त्या बैठकीत नसलेले बरे. बाळाजवळ कोणीच नाही अशा रात्री त्यातून किती निघतात, ते मला कळवा. तुमचे रॅलेला जाणे केव्हा आणि किती दिवसांचे असावे, हे त्या आकड्यावरून ठरवता येईल.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक