पातेरा पेटवण्याआधी

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

मुंबई सोडून गुहागरच्या घरी राहायला आलास हे वाचून फार बरं वाटलं. ‘इथली हवा एवढी चांगली, मग आईचा खोकला थंडीत का वाढतो?’ असं विचारलं आहेस. आधी तिला डॉक्टरांकडे ने. मग एक दिवस पहाटे उठून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा राहा आणि वाडीतला धूर कुठून निघतो, कुठे जातो ते बघ.

दुपारी आपल्याकडे खारा वारा सुटतो, धूर टिकत नाही. रात्री मात्र जमीन निवते, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अगदी मंद असतो आणि थंडीच्या दिवसांत गार हवा पहाटेपर्यंत वाडीत साचून बसते. नेमक्या त्याच वेळी आपण खळं झाडून पातेऱ्याला, म्हणजे गळून वाळलेल्या पानांना, काडी लावतो. धूर माडाच्या शेंड्यापर्यंतही चढत नाही. आडवा पसरतो, पडवीतून घरात शिरतो. त्यातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे, थेट फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

म्हणून पातेरा जाळू नकोस. माडाच्या आणि कलमांच्या आळ्यात वीतभर जाड पसर, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नकोस. मार्च-एप्रिलच्या उन्हात हात घालून बघ, खालची माती ओलसर लागेल. शिंपणं कमी होतं. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही. त्यावर अधूनमधून शेणकाला शिंपडत जा.

आता न्हाणीतली चूल. आमच्याकडे ती दुधाच्या पिशवीने पेटवायचे, मीही तेच शिकले. पिशवी भरकन पेटते, वितळून थेंब थेंब जळत पडते आणि घसा धरतो. मी कितीतरी वर्षं हे केलं, शेजारी नातवंडं अंघोळीला उभी असताना. त्याचं आजही वाईट वाटतं. नारळाच्या सुक्या सोडणाचा काथ्या मोकळा केलास तर एका काडीत पेट घेतो, पिशवीची गरजच नाही. वायरी आणि पाइपांचे तुकडे तर कधीच चुलीत घालू नकोस. पीव्हीसी जळलं की आम्लाची वाफ निघते, डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात.

लाकडं पावसाआधी फोडून मांगरात, वाडीतल्या शेडमध्ये, रच. ओलं लाकूड आच कमी देतं आणि धूरच जास्त करतं. पैसे जमले की पाण्यासाठी सौर बंब बसव. पावसाळ्यात तो फारसा कामाचा नाही, पण बाकीचे महिने न्हाणीतली चूल थंड राहील.

आईला चुलीवरचीच भाकरी हवी असेल तर वाद घालू नकोस. रोजचा भात, डाळ, चहा गॅसवर होऊ दे. चुलीच्या वरची दोन कौलं काढून तिथे धुराडं बसवून घे, आणि भाकऱ्या होईपर्यंत फुंकणी तू हातात घे. तो धूर आजवर तिने एकटीने खाल्ला आहे.

रविवारी इकडे ये. आमच्या हापूसच्या आळ्यातला गेल्या वर्षीचा पातेरा उकरून दाखवते. येताना दोन रिकामी पोती आण, थोडं खत तुझ्या माडांना घेऊन जा.

तुझी,
बाई