आधी गिटारची मान बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकीकडे दुकानातली नवी गिटार, दुसरीकडे तेवढ्याच पैशांत मिळणारी, दहा वर्षं वापरलेली पण एक पायरी वरच्या दर्जाची. दोन आठवडे तू याच विचारात आहेस. माझं उत्तर सरळ आहे. गिटार हातात घेऊन निवांत बघता येणार असेल आणि सोबत वाजवणारं, कळणारं माणूस असेल, तर जुनी घे. या दोनपैकी एक जरी जमणार नसेल, तर नवी घे. नुसत्या फोटोंवर भरवसा ठेवून जुनी अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी, गिटार घेऊ नकोस.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण माझी पहिली गिटार जुनी होती आणि मी तिचं पॉलिश बघून ती घेतली. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. घरी आणली आणि बोटं सोलून निघायला लागली. एफ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांचा एक गट, सहा महिने लागली नाही. विकणारा म्हणाला होता, नवशिक्याला त्रास होतोच, आणि मी ते खरं मानलं. आपल्या बोटांत जोर नाही, आपला हात लहान आहे, आपल्याला हे जमणारं नाही, असं स्वतःला रोज सांगत होतो. शेवटी एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने गिटार आडवी धरून दाखवली. मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर तारा हव्या त्याच्या दुप्पट उंचीवर होत्या. त्या खाली आणायला ब्रिजवरची, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरची, पांढरी पट्टी घासायची असते. तिला सॅडल म्हणतात. ती आधीच कुणीतरी घासून घासून लाकडाला टेकवलेली होती. आणखी खाली जायला जागाच उरली नव्हती. पैसे गेले त्याचं मला फार वाटत नाही. ते सहा महिने मात्र अजून सलतात.

गिटारमध्ये काय घडत असतं ते समजून घे, म्हणजे जुनी गिटार बघताना डोळे नेमके कुठे न्यायचे ते कळेल. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण ७० किलोच्या घरात जातो. एवढं ओझं पातळ लाकडी फळी आणि सरसाचे सांधे वर्षानुवर्षं, वाजवत नसतानाही, पेलत असतात. हळूहळू ब्रिजच्या मागची फळी थोडी फुगते, मान तारांच्या बाजूला ओढली जाते आणि तारा फ्रेटपासून वर जातात. थोडा फुगवटा असणं वाईट नाही. अगदी सपाट फळी म्हणजेच चांगली गिटार, असं समजू नकोस. प्रश्न असतो तो मानेचा.

मानेचे दोष दोन प्रकारचे असतात आणि पुष्कळ जण त्यांची गल्लत करतात. पहिला बाकाचा. मान धनुष्यासारखी वाकलेली असते. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळी असते, तिच्या टोकाला किल्ली लावून पाव फेरा दिला की बाक कमी-जास्त होतो. गिब्सन कंपनीने १९२०च्या दशकात हा जुळवता येणारा रॉड आणला आणि आज जवळजवळ सगळ्या स्टील तारांच्या गिटारींत तो असतो. म्हणजे बाक हा किरकोळ दोष आहे, फक्त रॉड फिरतोय ना, आधीच शेवटपर्यंत आवळलेला नाही ना, एवढं बघायचं. दुसरा दोष कोनाचा. मान सरळ असते, पण ती बॉडीला जिथे जोडली आहे तो सांधाच पुढे झुकलेला असतो. यावर ट्रस रॉडचा काही उपयोग नाही. मान बॉडीपासून सोडवायची, सांधा नव्याने तासायचा आणि पुन्हा बसवायची, हा एकच खरा उपाय. ते काम महागड्या गिटारीवर करून घेणं परवडतं; साध्या गिटारीवर त्याचा खर्च गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. माझ्या त्या पहिल्या गिटारीचं हेच झालं होतं.

ओळखायचं कसं? बाकासाठी एखादी जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धर. दाबलेली तार म्हणजे तुझी सरळ रेषा. मधोमध, सातव्या फ्रेटच्या आसपास, तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम पाव मिलिमीटर फट हवी, जाडसर कार्डाएवढी. कोनासाठी एक लांब, सरळ धातूची पट्टी जवळ ठेव. ती तारांच्या मधून, मानेच्या लांबीच्या दिशेने फ्रेटवर टेकव आणि ब्रिजकडे सरकव. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकलं किंवा किंचित वरून गेलं, तर मान ठीक आहे. ते ब्रिजच्या अंगावरच आपटलं, तर ती गिटार तिथेच ठेव आणि नमस्कार करून निघ. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोज. जाड तारेखाली २.५ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर किंवा थोडी कमी असली की हाताला बरं वाटतं. उंची जास्त आहे पण सॅडल ब्रिजच्या वर चांगली दोन-तीन मिलिमीटर दिसते आहे, तर काळजी नाही, ती घासता येईल. उंची जास्त आणि सॅडल बुडालेली, ही जोडी दिसली की मानेचा कोन बिघडलाय असं समजायचं.

बाकीच्या गोष्टी मानेइतक्या खोल नाहीत. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघ. आत गेला तर ब्रिज उचलला जातोय. बॉडीवर बोटांच्या पेरांनी टकटक कर, आतून खडखड आली तर एखादी आधारपट्टी सुटली आहे. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा बघ. हलक्या खाचा घासून निघतात, खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतात आणि तो खर्च किमतीतून वजा करायला हवा. मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरव. फ्रेटची टोकं टोचली तर लाकूड सुकून आक्रसलंय. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, फार कोरड्या हवेत फळीला चिरा जातात. हे दुकानात महिनोन्महिने टांगलेल्या नव्या गिटारीलाही लागू आहे. आणि खुंट्यांच्या खाली, जिथे मान मागे वळते, तिथे मागच्या बाजूने निरखून बघ. पडलेली गिटार बहुधा तिथेच तडकते. नीट चिकटवलेली तड पुढे वर्षानुवर्षं टिकते, पण विकणाऱ्याने ती आपणहून सांगायला हवी होती.

ओरखडे, उडालेलं पॉलिश, गंजलेल्या तारा, एखादी सैल खुंटी, इलेक्ट्रिकवर फिरवताना खरखरणारं बटण, यांनी बिचकू नकोस. हे सगळं थोडक्यात निस्तरतं आणि भाव कमी करायला उपयोगी पडतं. मात्र घासाघीस करताना समोरच्याच्या गिटारीला नावं ठेवू नकोस. त्याने तिच्यावर वर्षं घालवलेली असतात. का विकताय, किती वाजवली, कुठे ठेवायचात, हे आपुलकीने विचार. माणसं मोकळेपणी सांगतात आणि त्या सांगण्यातून गिटारीबद्दल बरंच कळतं. सीरियल नंबर खोडलेला असेल तर मात्र पुढे बोलूच नकोस.

इलेक्ट्रिकचा विचार असता तर मी जुनीसाठी अजून आग्रह धरला असता. तिची बॉडी बहुधा भरीव लाकडाची, तारा बारीक, आणि अनेक मॉडेलांची मान चार स्क्रूंनी बसवलेली. प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १९५०च्या दशकातल्या काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारी, घेतल्या, मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जुळवून एक गिटार तयार केली. तीच त्याची ‘ब्लॅकी’. सुट्या भागांची गिटार असली की एका भागाच्या दोषाने सगळी गिटार वाया जात नाही. अकूस्टिकला ही सोय नाही. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीत बहुतेक वेळा ट्रस रॉडही नसतो. जुनी घेताना आधीच्या मालकाने तिला कधी स्टीलच्या तारा लावल्या होत्या का, हे नक्की विचार. तो ताण तिच्यासाठी नसतो.

नवीच्या बाजूनेही बोलायला हवं. तिला हमी असते, परत करता येते, आणि तिच्यात कुणाची जुनी चूक दडलेली नसते. अनेक कंपन्यांची मोठी हमी फक्त पहिल्या मालकाला मिळते, जुनी घेणाऱ्याला नाही. पण नवी म्हणजे वाजवायला तयार, असं धरून चालू नकोस. कारखान्यातून येताना तारा बऱ्याचदा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात आणि नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा पुरेशा खोल नसतात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसभर फट हवी. जास्त असेल तर सुरुवातीच्या कॉर्ड उगाच जड जातात, सूरही चढतो. म्हणून नवी घे की जुनी, सेटअपचे, म्हणजे कारागिराकडून गिटार जुळवून घेण्याचे, पैसे आधी बाजूला काढ आणि उरलेल्या रकमेत गिटार बघ. सगळी रक्कम गिटारीतच घातलीस तर ती तशीच, न जुळवलेली, तुझ्या हातात राहील.

तुझ्या दोन पर्यायांत खरा फरक मला लाकडात दिसतो. नवी आहे ती प्लायवूडच्या फळीची, जुनी सलग लाकडाची. मधल्या गोल भोकाच्या कडेला बघ. लाकडाच्या वरच्या रेषा कडेतून सरळ खाली जात असतील तर फळी सलग आहे. प्लायवूड दणकट असतं, हवेचे बदल सोसतं, त्यावर शिकायला काहीच हरकत नाही. पण सलग फळी हलक्या हाताला जास्त मोकळी होऊन बोलते. तुला बोटांनी, हळू वाजवायचं आहे, म्हणून मला तिचा मोह पडतो. शिवाय गिटार आपल्याला धरून ठेवेल की नाही, अशी धाकधूक तू लिहिली आहेस. नवी गिटार दुकानाबाहेर पडली की तिचा भाव उतरतो. पारखून घेतलेली जुनी वर्षभराने विकलीस तरी फारसं नुकसान होत नाही.

तू पाठवलेल्या फोटोत सॅडल ब्रिजच्या वर अगदी थोडी दिसते. फोटो समोरून आहे, त्यामुळे खात्री नाही, पण मला तेच खटकलं. विकणाऱ्याकडून ब्रिजचा एका बाजूने, अगदी खालून काढलेला फोटो आणि बाराव्या फ्रेटपाशी पट्टी धरून काढलेला एक फोटो माग. तो देईल. ते आले की मला पाठव. त्यात सॅडल ठीक दिसली तर शनिवारी मी सोबत येतो. तारांचा नवा संच आणि धातूची पट्टी मीच आणीन.

तुझा,
काका