वाचक विचारतात : व्हायोलिनसाठी रशिया?

प्रश्न : आमची धानाची शेती आहे, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत मी क्लॅरिनेट वाजवतो. पोरगा चौदा वर्षांचा, दोन वर्षांपासून भजनात व्हायोलिन धरतो. चीनमधली मुलं हे वाद्य शिकायला रशियात जातात म्हणे. बारावीनंतर याला धाडता येईल का?
– एक वाचक, वडसा

उत्तर : भाऊ, पोरगा बसून वाजवतो की उभा राहून? भजनात आपण मांडी घालतो, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो, म्हणून डावा हात मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, मोकळा राहतो. मॉस्कोत वाद्य खांद्यावर, आणि गज धरायची तऱ्हाच वेगळी. तर्जनी छडीवर जरा खोल बसते, दंडाचं वजन तारेवर उतरतं. माझी पकड वयाच्या तिशीत बदलली, तेव्हा सहा महिने पोळ्या लाटतानाही मनगट ठणकायचं.

चिनी मुलं गेली ती गुरू पाहून. लिन याओजी 1960 मध्ये मॉस्कोत युरी यांकेलेविचकडे गेले, दोन वर्षांनी परतले आणि पुढे बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्वेटरीत (संगीत महाविद्यालयात) शिकवत राहिले. त्यांचा शिष्य श्युए वेई 1986 च्या मॉस्कोतल्या चायकोव्स्की संगीत स्पर्धेत दुसरा आला. म्हणजे एक माणूस शिकून घरी आला, तर पुढच्या पोरांना घरीच गुरू मिळाला. (गंमत म्हणजे ज्याला रशियन घराणं म्हणतात, ते घडवणारे लिओपोल्ड आउअर मूळचे हंगेरीचे. 1868 पासून जवळजवळ पन्नास वर्षं ते पीटर्सबर्गला शिकवत होते.)

आता तुमच्या पोराचं. तिकडची मुलं सहा-सात वर्षांची असतानाच खास संगीतशाळेत बसतात. कॉन्झर्वेटरीत वाजवून दाखवावं लागतं, बारावीचे मार्क तिथे कामाचे नाहीत. बाहेरून आलेल्यांचं पहिलं वर्ष बहुतेक रशियन भाषा शिकण्यातच जातं, शिवाय थोडा पियानोही शिकावा लागतो. चार वर्षांत भजनावरून तिथे उडी? मला नाही वाटत. नागपूरला पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारं कोणी गाठा, नोटेशन (लिहिलेले सूर) वाचायला लावा, वर्षभराने मला पुन्हा लिहा. भजन मात्र सोडवू नका, कान तिथेच तयार होतो.

आणि वाद्य मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका. माझ्या एका विद्यार्थिनीच्या व्हायोलिनचा सांधा उकलला, सुताराने तो पांढऱ्या गोंदाने घट्ट बसवला. तिथे सरस, म्हणजे जनावराच्या कातड्याचा चिकटा, हाच लावतात, पुढे कधी खोलावं लागलं तर तो सुटतो. हा पांढरा गोंद सुटेना, वरची फळी चिरली.